१०२४ अक्षरांपुरते यश

माझा भाचा हिंजवडीला संगणकात असतो, मी बँकेत कारकून. सदाशिव पेठेतल्या आमच्या सोसायटीचा जमाखर्च छापायला त्याने घरच्या संगणकावर एक सोय करून दिली आहे: बटण दाबले की काळी खिडकी उघडते आणि कागद बाहेर येतो. सभेच्या आदल्या रात्री ती उघडली आणि लगेच मिटली. पुन्हा दाबले, पुन्हा मिटली.

‘‘मामा, तुम्ही कुठे हात लावलात?’’ (डॉक्टर निदान आधी नाडी तरी बघतात.)

गुन्हा त्याचाच निघाला. कोणता प्रोग्रॅम कुठे राहतो त्या पत्त्यांच्या यादीला ‘पाथ’ म्हणतात. ती घेऊन यंत्र शनिवार, नारायण, सदाशिव असे पेठोपेठ ओळीने हिंडते. तीत एक पत्ता वाढवायला भाच्याने रविवारी ‘सेटएक्स’ हा हुकूम सोडला होता. हा गृहस्थ १०२४ अक्षरांपुढचे सगळे कापतो. एका ओळीत तसे बजावतो आणि पुढच्याच ओळीत म्हणतो, ‘यशस्वी!’

अहो, यशस्वी कसले? खातेदाराच्या शिलकेतले शेवटचे तीन आकडे खोडून मी पासबुकावर शिक्का मारला, तर साहेब पेढे वाटतील की चौकशी लावतील? शिंपीसुद्धा कात्री लावण्यापूर्वी विचारतो, लावल्यानंतर नाही!

यादी अखेर सापडली ती शनिवारपासून उघडी राहिलेल्या दुसऱ्या काळ्या खिडकीत. आधीच उघडलेल्या खिडकीला हा हुकूम लागू होत नाही, म्हणून तिच्याकडे जुने पत्ते शाबूत होते. काम झाले की खिडकी बंद करत जा, असे हाच भाचा मला वर्षभर बजावत होता.