हजेरीपट मिटला, संशय उरला

चांदूर बाजारच्या पंचक्रोशीत शेतातला कापूस किंवा मोटारपंप चोरीस गेला की, पंचनाम्यापूर्वीच लोकांच्या तोंडी एक नाव येते : पारध्यांचा बेडा. पुरावा मागाहून शोधावयाचा असतो. ही खोड कोणा एका शिपायाच्या स्वभावातून आलेली नाही. तिच्यामागे गुन्ह्याविषयीची एक उपपत्ती आहे, आणि ती उपपत्ती एकेकाळी देशाचा कायदा होती.

सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, हे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचे गृहीतक होते. ते एकदा स्वीकारले की धोरण आपोआप ठरते. मग व्यक्तीचा गुन्हा सिद्ध करावा लागत नाही. जमातीची नोंद, हजेरी आणि हिंडण्याफिरण्यावर बंदी एवढे पुरते. सरकारी घोषणेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची वाटही कायद्याने बंद केली होती. गुन्हेगार हा जन्मतःच वेगळा असतो, असे लोंब्रोसोने इटलीत १८७६ मध्ये मांडले. आमच्या राज्यकर्त्यांनी त्याच्याही आधी तसा कायदा करून ठेवला होता.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. त्याची जागा सराईत गुन्हेगारांविषयीच्या राज्यांच्या कायद्यांनी घेतली. मुंबई राज्याने असा कायदा १९५९ मध्ये केला. कागदावर जमात जाऊन व्यक्ती आली, परंतु ठाण्याची नजर तीच राहिली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पारध्याचा पिढीजात धंदाच गुन्हा ठरविला. वन्यजीव राखले पाहिजेत, यात वाद नाही. पण शिकार सोडणाऱ्याच्या हाती जमीन वा रोजगार देण्याची तजवीज त्यासोबत झाली नाही.

अर्थशास्त्रातही गुन्ह्याची एक उपपत्ती आहे. गॅरी बेकर यांनी १९६८ मध्ये असे मांडले की, गुन्हेगार लाभहानीचा हिशेब करतो. पकडले जाण्याचा संभव आणि शिक्षा वाढविली की गुन्हे घटतील. ‘कडक शिक्षा हवी’ या घोषणेला येथून शास्त्राधार मिळतो. पण या हिशेबाला एक अट आहे : निरपराध माणूस सुरक्षित असला पाहिजे. चोरी केली तरी अटक आणि न केली तरी अटक, अशी ज्याची स्थिती, त्याला प्रामाणिकपणाचा लाभ कोणता? तेथे शिक्षेची जरबच निरर्थक ठरते.

ज्याचा कापूस गेला त्या शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे, हे मान्यच. पण बेड्यावरचा कोणीतरी उचलून आणला की तपास थांबतो आणि खरा चोर मोकळा राहतो. म्हणजे या धोरणात शेतकरीही नागवला जातो.

महाराष्ट्रातील भटक्या जमातींच्या सहा गरीब मजुरांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फाशी ठोठावली होती. त्याच न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये त्यांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायालयाने विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये, असेही बजावले.

निवाडे झाले, आता ठाण्याने पुराव्यावाचून बेड्यावर जाऊ नये आणि शासनाने तेथे जमीन, रेशनकार्ड व शाळा न्यावी. आमच्याच अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा येथे फासेपारधी मुलांच्या शाळेचे नाव ‘प्रश्नचिन्ह’ आहे. त्याचे उत्तर त्या मुलांनी नव्हे, आपण द्यावयाचे आहे.