घड्याळ सरकारचे की संगणकाचे?

मार्च २०२३ च्या अखेरच्या आठवड्यात बैरुतमध्ये 'किती वाजले?' या साध्या प्रश्नाला दोन उत्तरे होती. २५ मार्चच्या मध्यरात्री उन्हाळी वेळेसाठी घड्याळे तासभर पुढे जायची होती. काळजीवाहू पंतप्रधान नजीब मिकाती यांनी जेमतेम दोन दिवस आधी हा बदल रमजान संपेपर्यंत लांबणीवर टाकला. मारोनाइट चर्चने आदेश मानण्यास नकार दिला आणि देशाच्या घड्याळाची धर्मावरून फाळणी झाली.

या ओढाताणीत संगणकांची पंचाईत कशी झाली, हे समजून घेण्यासारखे आहे. लिनक्सच्या गाभ्याला उन्हाळी वेळ ठाऊकच नसते. तो १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद जागतिक प्रमाणवेळेनुसार मोजत राहतो. पडद्यावरची स्थानिक वेळ हे त्या आकड्याचे केवळ भाषांतर. भाषांतराचा कोश म्हणजे 'टीझेड डेटाबेस'. पॉल एगर्ट व त्यांचे सहकारी तो स्वयंसेवक म्हणून सांभाळतात. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानची घड्याळे तासभर पुढे होती, त्याचीही नोंद त्यात सापडते!

सरकारचा निर्णय बदलला की कोशाची नवी आवृत्ती निघते. पण ती प्रत्येक यंत्रावर पोहोचावी लागते. लेबनॉनसाठी ती २३ मार्चला निघाली. २७ मार्चला मंत्रिमंडळाने घूमजाव केले आणि २८ तारखेला पुन्हा नवी आवृत्ती काढावी लागली. तिचा मजकूर २२ मार्चच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळणारा! २९ मार्चच्या मध्यरात्री सरकारी घड्याळ पुढे सरकले. तोवरचे चार दिवस, कोश अद्ययावत न केलेली यंत्रे सरकारच्या एक तास पुढे धावत होती. नंतर मात्र तीच बरोबर ठरली आणि २३ तारखेची आवृत्ती घेऊन थांबलेली यंत्रे मागे पडली.

अशा वेळी हाताने घड्याळ तासभर सरकवण्याचा मोह होतो. तो घातकच, कारण त्याने मूळ मोजणीच बिघडते व नोंदींचा क्रम चुकतो. संगणकातील अंगभूत घड्याळ जागतिक वेळेवर ठेवावे आणि बदलावा तो फक्त कोश. त्याच यंत्रावर विंडोजही असेल तर जपून. ते अंगभूत घड्याळ स्थानिक वेळेचे मानते. शिवाय लेबनॉनमध्ये घड्याळ पुढे जाते त्या रात्री साडेबारा वाजतच नाहीत, तर शरद ऋतूत साडेअकरा दोनदा वाजतात. त्या वेळी नेमलेल्या कामांचे काय, हे आधीच ठरवलेले बरे.

त्याच वर्षी इजिप्तनेही उन्हाळी वेळ पुन्हा आणली. अंमल २८ एप्रिलपासून, घोषणा मात्र १ मार्चलाच. तिथे असा गोंधळ उडाला नाही.