खेळण्याच्या हेलिकॉप्टरची बॅटरी व तिची निगा



लेखाचें नांव वाचून तुमच्यापैकीं कित्येकांस हंसूं येईल, आणि वार्षिकांकाचीं पानें एका खेळण्यासाठीं कां खर्चावीं, असा प्रश्न एखादी वडीलधारी व्यक्ति करील. त्यांस माझें उत्तर इतकेंच कीं, या लहानशा विषयांत मीं स्वतः एकदां मोठी चूक केली. आणि ती ज्या अज्ञानामुळें घडली, तें अज्ञान आपणां सर्वांच्या घरीं अद्याप नांदत आहे.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. जून महिना नुकताच लागला होता. वसतिगृहांतील इयत्ता आठवीचा एक विद्यार्थी सायंकाळच्या अभ्यासाच्या वेळीं वीतभर लांबीचें हेलिकॉप्टर खोलींत उडवीत असतां मला सांपडला. नियमाप्रमाणें मीं तें काढून घेतलें, कपाटांत कुलपाआड ठेवलें, आणि ‘दिवाळीच्या सुटींत परत मिळेल’ असें त्यास सांगितलें. चार दिवसांनीं तो दाराशीं येऊन उभा राहिला व भीत भीत म्हणाला, “सर, त्याची बॅटरी रिकामी आहे. थोडी भरून आणि काढून ठेवूं द्याल का? नाहीं तर ती मरेल.” खेळणें परत मिळविण्याचें हें निमित्त आहे असें मला वाटलें, आणि मीं त्यास दटावून परत पाठविलें. दिवाळीस दिल्या शब्दाप्रमाणें मीं खेळणें त्याच्या हातीं दिलें. बॅटरी फुगून उशीसारखी झाली होती. मुलानें ती पाहिली, माझ्याकडे पाहिलें, आणि ‘थँक यू, सर’ म्हणून तो निघून गेला. त्याच्या वडिलांनीं स्ट्रॉबेरीच्या हंगामाच्या मिळकतींतून तें घेऊन दिलें होतें, हें मला मागाहून कळलें. अभ्यासाच्या वेळीं खेळल्याबद्दल मीं त्यास शिक्षा केली होती व तिची मुदतही ठरविली होती. परंतु प्रत्यक्षांत त्यास जी शिक्षा झाली, ती मीं सुनावलेली नव्हती.

तेव्हांपासून मीं आमच्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांस पुष्कळ प्रश्न विचारले, थोडें वाचलें, आणि माझें एक मत बनलें. तें असें कीं, बॅटरी बहुधा उडतांना मरत नाहीं. आपण ठेवून दिलेली असतांना मरते. म्हणून ज्यास ती नीट ठेवतां येत नाहीं, त्यानें ती विकतही घेऊं नये आणि जप्तही करूं नये.

या मताचा आधार समजण्यासाठीं प्रथम हेलिकॉप्टरचा स्वभाव पाहूं. विमानास पंख असतात. यंत्र बंद पडलें तरी तें कांहीं काळ तरंगत खालीं येतें. लहान हेलिकॉप्टर मात्र नुसतें एका जागीं अधांतरीं राहावयाचें म्हटलें तरी मोटारीस सारखी शक्ति पुरवावी लागते. भ्रमणध्वनीची बॅटरी आपला सांठा दिवसभर पुरवून खर्च करते. खेळण्यांतील दीडशे-दोनशे मिलि-अँपिअर-तासांची बॅटरी आपला सर्व सांठा सहा-सात मिनिटांत ओतून रिकामी होते. इतक्या वेगानें शक्ति देणारी, आणि तरीही हलकी, अशी बॅटरी लिथियमचीच असूं शकते. हा प्रकार १९९१ मध्यें जपानच्या सोनी कंपनीनें प्रथम बाजारांत आणला. ज्यांच्या संशोधनावर तो उभा आहे, त्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ले व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो या तिघांस २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. गुडइनफ त्या समयीं ९७ वर्षांचे होते.

अशा बॅटरीच्या एका घटाचा दाब पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो, आणि तो ३ व्होल्टच्या खालीं जाऊं देऊं नये. रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली तर ती आपली आपण आणखी खालीं जाते. खेळण्याला जोडलेली असल्यास त्यांतील सूक्ष्म विद्युत्-मंडलही तिला शोषीत राहतें. दाब फार उतरला म्हणजे आंतील तांब्याचा पत्रा विरघळूं लागतो. पुढें ती भरूं गेल्यास तेंच तांबें भलत्या जागीं बसून आंतल्या आंत जोड होण्याचें भय असतें. आंतील द्रव्यें बिघडून वायु झाला कीं बॅटरी फुगते. माझ्या कपाटांत त्या चार-पांच महिन्यांत घडलें तें हेंच.

येथें पालकांच्या एका समजुतीविषयीं बोललें पाहिजे. ‘बॅटरी पूर्ण संपवून मगच भरावी’ असें आपल्यापैकीं पुष्कळजण मुलांस सांगतात. हा उपदेश जुन्या निकेल-कॅडमियम सेलांपुरता खरा होता. लिथियमच्या बॅटरीस तो घातक आहे. उलटपक्षीं, ‘पूर्ण भरून ठेवली म्हणजे सुरक्षित’ ही समजूतही चुकीची. पूर्ण भरलेली बॅटरी महिनोन्‌महिने ठेवल्यास तीही झिजते. दीर्घ विश्रांतीसाठीं तिला अर्धपोटीं ठेवावें, म्हणजे घटाचा दाब सुमारें ३.८ व्होल्ट असावा. शाळेच्या प्रयोगशाळेंतील मीटरवर हें मोजतां येतें. मीटर नसल्यास बॅटरी पूर्ण भरावी, तीन मिनिटें हेलिकॉप्टर उडवावें, आणि बॅटरी सोडवून ठेवावी. खेळण्याचा जोर कमी झालेला दिसतांच तें खालीं उतरवावें. शेवटचा थेंब पिळून काढण्याच्या मोहांत पडूं नये.

आतां आपल्या महाबळेश्वरचा विचार करूं. आपण समुद्रसपाटीपासून सुमारें १३७२ मीटर, म्हणजे साडेचार हजार फूट उंचीवर राहतों. येथील हवा समुद्रकांठच्या हवेपेक्षां सुमारें आठव्या हिश्शानें विरळ आहे. हवा विरळ म्हणून पात्यांस अधिक वेगानें फिरावें लागतें, आणि तो भार बॅटरीवर पडतो. मुंबईच्या मावसभावाचें हेलिकॉप्टर अधिक वेळ उडालें, म्हणून आपलें खेळणें वाईट निघालें असें मुलांनीं समजूं नये. पांचगणीच्या टेबललँडवरील वाऱ्यांत तर तें उडवूंच नये; वाऱ्याशीं झुंजतांना सर्व शक्ति व्यर्थ जाते आणि खेळणें दरींत जातें तें निराळेंच.

डिसेंबर-जानेवारींत कांहीं पहांटे वेण्णा सरोवराच्या कांठीं व लिंगमळ्याकडे दंव गोठून जमीन पांढरी होते. अशा थंडींत बॅटरीच्या आंतील क्रिया मंदावते, आणि भरलेली असूनही ती लवकर दम सोडते. उडविण्यापूर्वीं ती कांहीं वेळ खिशांत ठेवून उबदार करावी. गोठणबिंदूच्या खालीं असतां ती कधींही भरूं नये, कारण अशा वेळीं लिथियम योग्य ठिकाणीं न शिरतां पृष्ठभागावर धातूरूपानें सांचतें.

आणि पावसाळा! दोनशे इंचांहून अधिक पाऊस व महिनोन्‌महिने घरांत शिरणारें धुकें यांची ओळख येथील मुलांस करून द्यावयास नको. मीठ पाझरतें, पुस्तकांस बुरशी येते, तशीं बॅटरीचीं पितळी टोंकेंही गंजतात. मेअखेर आपण घरांच्या भिंतींस गवताचीं आच्छादनें बांधतों. त्याच आठवड्यांत मुलांनीं बॅटरी अर्धी भरून, खेळण्यापासून सोडवून, घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावी, आणि डब्यांत नव्या बुटांच्या खोक्यांतून मिळणारी ओलावा शोषणारी पुडी टाकावी. रिमोटमधील सेलही काढून ठेवावेत. ते पाझरले म्हणजे रिमोट कायमचा निकामी होतो.

कोणी म्हणेल कीं, खेळण्यासाठीं एवढा खटाटोप कशाला? त्यांस मी एका दुसऱ्या लहान हेलिकॉप्टरची हकीकत सांगतों. ‘इंजेन्युइटी’ या नांवाचें, अवघें १.८ किलोग्रॅम वजनाचें हेलिकॉप्टर १९ एप्रिल २०२१ रोजीं मंगळावर उडालें. त्याचे मुख्य अभियंते जे. बलराम हे मद्रासच्या आय. आय. टी.चे पदवीधर. त्या यंत्रांत लिथियमचे सहा घट होते. मंगळावर रात्रीं शून्याखालीं ९० अंशांपर्यंत थंडी पडते; म्हणून बॅटरींतील शक्तीचा मोठा भाग उडण्यासाठीं नव्हे, तर यंत्र व बॅटरी रात्रभर उबदार राखण्यासाठीं खर्च होई. मे २०२२ मध्यें धुळीमुळें सूर्यप्रकाश कमी पडला, बॅटरी रात्रीं फार उतरली, यंत्राचें घड्याळ बंद पडून चुकलें, आणि पृथ्वीशीं संबंध कांहीं काळ तुटला. शास्त्रज्ञांनीं शक्तीचा हिशेब नव्यानें मांडून तें सांवरलें. जें यंत्र ३० दिवसांत पांच उड्डाणें करण्यासाठीं पाठविलें होतें, त्यानें जवळजवळ तीन वर्षांत ७२ उड्डाणें केलीं. १८ जानेवारी २०२४ रोजीं तें थांबलें तें पात्यांस इजा झाल्यामुळें. बॅटरी मेल्यामुळें नव्हे.

आतां सुरक्षिततेविषयीं थोडें, आणि हें पालकांनीं विशेष लक्षपूर्वक वाचावें. उड्डाणानंतर बॅटरी गरम असते. ती पंधरा मिनिटें निवूं द्यावी, मगच चार्जिंगला लावावी. खेळण्याबरोबर आलेल्या चार्जरशिवाय दुसरा वापरूं नये. गादीवर, पुस्तकांच्या ढिगाजवळ किंवा पडद्याखालीं ती भरूं नये. उघड्या फरशीवर किंवा मातीच्या ताटलींत भरावी, आणि भरून होईपर्यंत कोणीतरी जागें व जवळ असावें. रात्रीं चार्जिंगला लावून निजणें हें तर सर्वथा वर्ज्य. फुगलेली बॅटरी दाबूं नये, टोंचूं नये, पुन्हां भरूं नये. धूर येऊं लागला तर तो विषारी असतो. मुलांनीं दूर व्हावें आणि मोठ्यांस हांक मारावी.

मेलेली बॅटरी कोठें टाकावी? आपल्याकडे सोपें उत्तर म्हणजे दरी! परंतु कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या पांच नद्यांचें उगमस्थान आपल्या क्षेत्र महाबळेश्वरीं आहे. हा सर्व प्रदेश १७ जानेवारी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून शासनानें जाहीर केला आहे. येथें दरींत झिरपलेलें द्रव्य तेथेंच राहत नाहीं. तें पाणी पुढें सातारा-सांगलीच्या मळ्यांत जातें. भारत सरकारच्या २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांची योग्य व्यवस्था लावणें हें उत्पादकांचें कर्तव्य ठरलें आहे. आपलें कर्तव्य तिच्या टोंकांस चिकटपट्टी लावून ती इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवणें व ई-कचरा घेणाऱ्यांच्या स्वाधीन करणें हें होय.

अशीं खेळणीं मुलांस देऊंच नयेत, असें म्हणणारे पालक मला भेटतात. त्यांची काळजी मी समजतों. परंतु ज्या जातीची बॅटरी या खेळण्यांत आहे, तीच आपल्या खिशांत आहे आणि आतां दारांतील स्कूटरमध्येंही आली आहे. बारा वर्षांचा मुलगा ती केव्हां भरावी, केव्हां थांबावें आणि विश्रांतीस कशी ठेवावी हें लहान घटावर शिकला, तर मोठेपणीं मोठ्या घटाचा कारभार त्याच्या हातीं सोंपवितां येईल. दुसरे पालक म्हणतात, ‘मेली तर नवी आणूं, कितीशी किंमत!’ त्यांस माझी विनंति आहे कीं, नवी आणण्यापूर्वीं जुनी कशानें मेली हें मुलास विचारावें, आणि तें त्यास सांगतां येईपर्यंत पैसे देऊं नयेत.

माझ्यापुरतें मीं प्रायश्चित्त घेतलें आहे. त्या मुलास मीं नवी बॅटरी आणून दिली, आणि तिजबरोबर क्षमाही मागितली. शिक्षकानें विद्यार्थ्याची क्षमा मागावी कीं नाहीं, याविषयीं मतभेद असतील; मला मात्र तिची लाज वाटली नाहीं. माझ्या कपाटांत आतां एक पत्र्याचा डबा आहे. नियम मोडणाऱ्याचें खेळणें अद्यापही जप्त होतें, परंतु तत्पूर्वीं त्यास बॅटरी अर्धी भरून, सोडवून, आपल्या नांवाची चिठ्ठी लावून डब्यांत ठेवण्यास अर्धा तास मिळतो, आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारीं आम्ही दोघे मिळून मीटरवर ती तपासतों. प्रत्येक वसतिगृहांत व प्रत्येक घरांत असा एक डबा असावा, अशी माझी सूचना आहे. ती रीत मला त्याच मुलानें घालून दिली. आणि डब्यावरील पहिली चिठ्ठी त्याच्याच अक्षरांत आहे.