संगणक आहे, म्हणून टाकी नको?

माझगाव डॉक जहाजे बांधतेच, मग विद्यापीठांना प्रतिकृती ओढून पाहायच्या टाक्या कशाला, संगणक पुरे, हे एका पत्रलेखकाचे म्हणणे पटत नाही. १:२५ प्रमाणाची प्रतिकृती फ्रूडच्या नियमाने एक पंचमांश वेगात ओढली की लाटांचा विरोध ताडता येतो. घर्षण मात्र त्या हिशेबात बसत नाही, ते वेगळे काढावे लागते. संगणकही खळबळत्या प्रवाहाचे गणित गृहीतकांवरच सोडवतो आणि ती पारखायला प्रत्यक्ष मोजमापच लागते. वाडियांनी १८१७ साली मुंबईत बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे शिडाचे जहाज टाकीवाचून अजून तरंगते आहे, हे खरे. पण त्याला वारा फुकट होता, आजच्या जहाजाला इंधन विकत घ्यावे लागते. खर्चाचा आक्षेप रास्त, तरी खरगपूर आणि चेन्नईच्या आयआयटींनी तो पेललाच. माटुंग्याच्या व्हीजेटीआयपासून परळ-लालबाग ओलांडले की माझगावची गोदी. दोघांनी मिळून एक टाकी उभारायला काय हरकत आहे?

– एक वाचक, लालबाग