हद्द सरकली, माणसे राहिली

बडोद्यास हरणीच्या विमानतळावर उतरून शहरात शिरणाऱ्या मराठी माणसास आपण परमुलखात आलो ही जाणीव फार वेळ टिकत नाही. दांडिया बाजार, रावपुरा या भागांत मराठी आडनावांच्या पाट्या दिसतात. जुन्या घरांतून वळणदार मराठी कानी पडते. ही मंडळी कालपरवा पोटासाठी तेथे गेलेली नव्हेत. पिलाजीराव व दमाजीराव गायकवाडांच्या मागोमाग अठराव्या शतकातच कित्येकांचे पूर्वज नर्मदा ओलांडून गेले. 1949 च्या 1 मे रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. 1960 च्या 1 मे रोजी तेच बडोदे गुजरातेत गेले. ज्या दिवशी मुंबईत महाराष्ट्र राज्याचा जल्लोष झाला, त्याच दिवशी ही माणसे जागची न हलता परप्रांतीय ठरली!

सयाजीरावांनी प्रजेची भाषा म्हणून गुजरातीस राज्यकारभारात मान दिला, 1906 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण मराठीसही उपाशी ठेवले नाही. 1909, 1921 व 1934 अशी तीन साहित्य संमेलने बडोद्यात भरली. चौथे भरले ते 2018 साली. मधली 84 वर्षे आम्हां मराठी म्हणविणाऱ्यांना हे शहर आठवले नाही, यात दोष गुजराती शेजाऱ्याचा खचित नाही.

आज तेथील नातू आजीशी मराठीत बोलतो, परंतु मराठी पुस्तक हाती घेत नाही. वास्तविक शाळेतल्या हिंदीमुळे देवनागरी त्यास येते, आणि हिंदीत नसलेला 'ळ' गुजरातीने आधीच शिकविलेला असतो. अडते ते पुस्तकापाशी. मराठीस 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात दर्जा मिळाला. त्यातून ग्रंथसंशोधन होईल, ते व्हावेच. पण या मुलास हवी आहे गोष्टींची पुस्तके आणि आठवड्यातून एकदा ती वाचून घेणारा कोणी.

गोमंतकीयांस हे निराळे सांगावयास नको. पोर्तुगीज अमदानीत सरकारी आश्रय नसता देवळाच्या आवारात, कोणाच्या ओसरीवर चाललेल्या खाजगी मराठी शाळांनीच येथे अक्षर जगविले. तेव्हा संमेलनाच्या मांडवावर होणाऱ्या खर्चातला अल्पसा अंश काढून साहित्यसंस्थांनी दरमहा बालवाङ्मयाची एक पेटी बडोद्यास धाडावी, असे आम्हांस वाटते. पहिली पेटी गोव्यातून निघाली, तरी कोणाची हरकत नसावी.