रंगव्यवहार : उडालेल्या गुलाबीची नक्कल

सोफ्यामागच्या भिंतीसाठी लांबट चित्र हवं असलं, की हाताने रंगवलेल्या तैलप्रतिकृती विकणाऱ्यांकडे पॉप्लरचं एक रान सापडतं. जांभळ्या खोडांच्या उभ्या रांगा, मागे दाटलेला निळा अंधार, खाली फुलांनी गच्च भरलेलं गवत आणि त्यात एक जोडपं, तोंडवळाही कळू नये इतक्या मोजक्या फटकाऱ्यांत उरकलेलं. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने हे चित्र जून १८९० मध्ये पॅरिसजवळच्या ओव्हेर गावी काढलं; २९ जुलैला तो गेला. मूळ कॅनव्हास अमेरिकेत, सिनसिनाटीच्या कलासंग्रहालयात आहे. चित्रावर आता कुणाचा कॉपीराइट नाही. नक्कल करून विकायला कायद्याची आडकाठी नाही. अस्सल म्हणून ती कुणाच्या गळ्यात मारली, तर मात्र ती फसवणूक.

तेव्हा नक्कल करावी की नाही, हा वाद संपल्यात जमा आहे. नक्कल नेमकी कशाची करायची, हा खरा प्रश्न.

या प्रतिकृतींत गवतातली बरीच फुलं पांढरी असतात, कारण फोटोत ती तशी दिसतात. आणि कॅनव्हासवरही ती आज तशीच आहेत. व्हॅन गॉगने मात्र भाऊ थिओला या चित्राचे रंग कळवताना पांढऱ्यासोबत गुलाबीही सांगितला होता. तो गुलाबी गेला कुठे? संवर्धक आणि रसायनशास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा नाव निघालं इओसिनचं. १८७०च्या दशकात प्रयोगशाळेत जन्मलेला हा भडक रंग चित्रकारांना ‘जिरेनियम लेक’ म्हणून ट्यूबमध्ये मिळायचा. लाल शाईत तोच असायचा, आणि पॅथॉलॉजी लॅबमध्ये काचपट्टीवरच्या पेशी गुलाबी करायला आजही तोच वापरतात. दिसायला देखणा, पण उजेड सोसत नाही. रंग उडाला तरी त्यातल्या ब्रोमीनचा अंश मागे राहतो. क्ष-किरणांच्या मदतीने त्या ब्रोमीनचा माग काढून कुठले फटकारे एकेकाळी गुलाबी होते, हे शोधलं गेलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात चित्राची न उडालेल्या रंगांतली डिजिटल पुनर्रचनाही आहे.

व्हॅन गॉग याबाबत गाफील नव्हता. १८८८ मध्येच त्याने लिहिलं होतं, की हे नवे रंग टिकाऊ नाहीत, म्हणून ते बेधडक लावावेत. काळ त्यांना मवाळ करेलच.

नक्कल करणाऱ्याच्या टेबलापर्यंत यातलं फारसं काही पोचत नाही. या धंद्याची पेठ म्हणजे चीनमधल्या शेनझेन शहरातलं दाफेन. हाँगकाँगचा व्यापारी हुआंग ज्यांग १९८९ मध्ये काही चित्रकारांना घेऊन तिथे आला आणि बघता बघता गावाचा बाजार झाला. तिथे चित्रं कारखान्यातल्या पट्ट्यावरून धावतात, हा लोकप्रिय समज. अभ्यासक विनी वाँग यांनी तिथे राहून केलेल्या अभ्यासातून वेगळं चित्र दिसतं: बहुतेकजण घरी किंवा छोट्या खोलीत, नगाच्या हिशेबाने काम करतात. ‘चायनाज व्हॅन गॉग्ज’ या २०१६च्या माहितीपटातल्या चाओ श्याओयोंगने कुटुंबासह व्हॅन गॉगच्या लाखाच्या घरात नकला केल्या होत्या. तो अॅम्स्टरडॅमला गेला तेव्हा आपली चित्रं गॅलरीत नव्हे, स्मरणवस्तूंच्या दुकानात विकली जातात, हे त्याला पहिल्यांदा दिसलं. मूळ चित्रंही त्याने त्याच दौऱ्यात पहिल्यांदा पाहिली.

फोटोवरून काम केल्याची किंमत जवळून पाहिली की कळते. मूळ चित्र सुमारे ५० बाय १०० सेंटिमीटर, म्हणजे रुंदी उंचीच्या दुप्पट. गिऱ्हाइकाला ६० बाय ९०ची फ्रेम हवी असली, की कडेची खोडं कापायची, नाहीतर झाडं वर ताणायची. थराचंही तसंच. व्हॅन गॉगचा फटकारा कॅनव्हासवरून उठून आलेला असतो. इतका जाड तैलरंग आतपर्यंत वाळायला महिने लागतात. ऑर्डर मात्र काही आठवड्यांत धाडायची, तीही गुंडाळून नळकांड्यातून. जाड थर गुंडाळीत तडकतो, म्हणून रंग पातळ लावायचा. मग हाती येतं ते हाताने काढलेलं पोस्टर. त्यापेक्षा चांगल्या कागदावरची छापील प्रत स्वस्तही पडते आणि प्रामाणिकही असते.

याचा अर्थ नक्कल हे हलकं काम, असा नाही. सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना व्हॅन गॉगने स्वतः चित्रकार मिलेच्या वीसेक चित्रांवरून चित्रं केली, तीही कृष्णधवल छापांवरून. रंग त्याने मनाने भरले. दुसऱ्याची रचना वाजवणारा वादक जे करतो, तेच आपण करतो आहोत, असं त्याचं म्हणणं होतं.

दुसरं उदाहरण अजिंठ्याचं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात लेण्यांतल्या चित्रांच्या तैलरंगात नकला करत होते. त्याआधीच्या रॉबर्ट गिलच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. ग्रिफिथ्सच्याही बऱ्याच १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला जळाल्या. उरलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत, आणि भिंतीवरचं जे नंतर झडलं ते पाहायला अभ्यासकांना त्यांचा आधार होतो. त्या विद्यार्थ्यांसमोर फोटो नव्हता, खुद्द भिंत होती.

सिनसिनाटीचं रान घरी लावायचंच असेल, तर विक्रेत्याला थोडं छळायला हरकत नाही. फुलं आजची पांढरी काढणार की १८९०ची गुलाबी? गुलाबी हवी असतील तर पुनर्रचनेची प्रतिमा चित्रकाराच्या हातात द्यावी. मूळ प्रमाण सोडू नये, रंग जाड लावायला सांगावा, वाळायला वेळ द्यावा आणि कॅनव्हास चौकटीवर ताणलेलाच मागवावा. कुठल्या प्रतिमेवरून, कुठल्या साली आणि कुणी काढलं, हे मागच्या बाजूला लिहून घ्यावं. दर वाढेल, हे उघड आहे. त्या वाढीव दरातला किती भाग ब्रश धरणाऱ्याच्या खिशात जातो, हेही मग त्याच विक्रेत्याला विचारता येईल.