कातडीवरून कुळी सांगणाऱ्यांचा समाचार

१/
एखाद्या पुरातन सांगाड्याच्या जनुकीय अभ्यासाची बातमी आली की मराठी समाजमाध्यमांवर एक ठरलेला खेळ रंगतो. कोणीतरी दोन छायाचित्रे शेजारी-शेजारी ठेवतो, एक गोऱ्या चेहऱ्याचे, एक सावळ्या. एका पक्षाला गोऱ्या चेहऱ्यात विजेता आर्य दिसतो, दुसऱ्याला परकीय आक्रमक. मग दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडतात. मात्र कातडी पाहिली की कुळी कळते, याविषयी दोघांच्याही मनात तिळमात्र शंका नसते. प्रस्तुत थ्रेड या सामायिक अंधश्रद्धेविरुद्ध आहे.

२/
सर्व मानवांच्या त्वचेत रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. त्या पेशी मेलॅनिन किती आणि कोणत्या प्रकारचे बनवतात, त्याच्या कणिका केवढ्या असतात आणि त्वचेत कशा पसरतात, एवढ्यावर गोरेपणा वा काळेपणा ठरतो. ज्याच्या आधारे साम्राज्ये उभारली गेली आणि माणसांची खरेदी-विक्री झाली, तो भेद मुळात एवढाच.

३/
‘काळा रंग हा आदिम आणि गोरा हा प्रगत’ ही समजूत तर मुळातच खोटी आहे. माणसाचा सर्वांत जवळचा नातलग चिंपांझी. त्याच्या केसांखालची त्वचा फिकट असते. आफ्रिकेच्या उघड्या माळरानांवर मानवाच्या पूर्वजांच्या अंगावरचे दाट केस गेले, घाम गाळून शरीर थंड ठेवण्याची सोय झाली, आणि उघडी पडलेली कातडी सूर्यासमोर आली. मग ती गडद झाली. एमसी१आर या जनुकातील वैविध्यावरून २००४ साली मांडलेल्या गणितानुसार हे निदान १२ लाख वर्षांपूर्वी घडून गेले होते. म्हणजे गडद त्वचा ही स्वतःच उत्क्रांतीची मोठी कमाई आहे, आणि आधुनिक मानवजात जन्मली ती ही कमाई अंगावर घेऊनच.

४/
गडद त्वचेचा लाभ कोणता? ‘उन्हाने होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगापासून बचाव’ हे उत्तर दीर्घकाळ पुरेसे मानले गेले. परंतु तो रोग बहुधा उतारवयात, म्हणजे मुलेबाळे होऊन गेल्यावर गाठतो. नैसर्गिक निवडीचा जोर तेथे फारसा चालत नाही. हॅरोल्ड ब्लम यांनी १९६१ सालीच हा आक्षेप घेतला होता. १९७८ साली ब्रँडा आणि ईटन यांनी दाखवले की तीव्र प्रकाशात मानवी रक्तद्रवातील फोलेट हे जीवनसत्त्व नष्ट होते. गर्भवतीच्या शरीरात फोलेट कमी पडले तर बाळाच्या मज्जारज्जूत गंभीर व्यंग राहू शकते. नीना जाब्लोन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन यांनी २००० साली या धाग्यावरून पुढे जाऊन जगभरातील अतिनील किरणांच्या मोजमापांशी त्वचेचे रंग ताडून पाहिले. जुळणी विलक्षण होती. मेलॅनिन म्हणजे पुढच्या पिढीवर धरलेली छत्री.

५/
छत्रीची अडचण अशी की ती गरजेपुरतेही ऊन आत येऊ देत नाही. ‘ड’ जीवनसत्त्व त्वचेत तयार होण्यासाठी अतिनील किरण लागतातच. उत्तरेकडच्या मंद सूर्याखाली वसलेल्यांत फिकट त्वचेला उचल मिळाली ती यामुळे, असे बहुतेक संशोधक मानतात. ही उचल एकदाच आणि एकाच ठिकाणी मिळाली नाही. पूर्व आशियातील लोकांची त्वचा फिकट झाली ती बऱ्याच अंशी युरोपीय लोकांहून वेगळ्या उत्परिवर्तनांमुळे. रंग सारखा, वाटा निराळ्या.

६/
आता ‘शाश्वत गोऱ्या युरोपा’कडे वळावे. इंग्लंडच्या सॉमरसेटमधील गॉफच्या गुहेत १९०३ साली सापडलेला चेडर मॅन सुमारे १० हजार वर्षांपूर्वीचा. २०१८ साली त्याच्या जनुकांवरून आलेला अंदाज असा, की त्वचा गडद आणि डोळे निळे. स्पेनमधील ला ब्रान्या येथील ७ हजार वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्याविषयीही २०१४ साली हाच निष्कर्ष निघाला होता. चेडर मॅनचे चित्र प्रसिद्ध होताच कित्येकांना तो राजकीय कट वाटला. त्यांचे पूर्वज गोरे असणे ही त्यांच्या अभिमानाची गरज होती, आणि हाडे ती पुरवायला तयार नव्हती.

युरोपात फिकट त्वचेची जनुकरूपे सर्वत्र पसरली ती मुख्यतः गेल्या ८ हजार वर्षांत, अनातोलियातून आलेल्या शेतकऱ्यांबरोबर आणि नंतरच्या निवडीतून. लास्कोच्या गुहेत चित्रे रंगवणारे हात गोरे होते, असे मानण्यास आधार नाही.

७/
चेडर मॅनचे निळे डोळे मराठी वाचकांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहेत. कोकणस्थांचे घारे डोळे आणि गोरा वर्ण पाहून त्यांना कधी इराणशी, कधी इजिप्तशी, कधी ग्रीसशी तर कधी ज्यूंशी जोडण्याचा उद्योग गेली शंभर-सव्वाशे वर्षे अखंड चालू आहे. डोळ्यांचा रंग आणि त्वचेचा रंग हे बऱ्याच अंशी स्वतंत्र जनुकांचे काम आहे. एक दिसला की दुसरा त्याच गावाहून आला असे धरता येत नाही. आणि घारे डोळे पाहून ग्रीस आठवणाऱ्याला चेडर मॅन पाहून नेमका कोणता देश आठवावा?

८/
भारताच्या रंगकथेत सर्वांत महत्त्वाचे जनुक एसएलसी२४ए५. त्याचा शोध लागला तो झेब्राफिश नावाच्या इवल्याशा माशात, २००५ साली. त्यातील एका अक्षराच्या बदलाने त्वचा लक्षणीय फिकट होते. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवले की युरोपीय आणि दक्षिण आशियाई लोकांतील हा बदल एकाच मूळ उत्परिवर्तनातून आलेला आहे. त्याचे अंदाजे वय २२ ते २८ हजार वर्षे.

येथे ‘आर्य गोरे होते, हे सिद्ध झाले’ म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांनी थोडे थांबावे. गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा वारसा भारतात मिसळला तो इ.स.पू. २००० ते १५०० च्या सुमारास. ते स्थलांतर झाले. पुरावा भक्कम आहे आणि तो नाकारण्यात शहाणपण नाही. परंतु हे जनुकरूप त्या पशुपालकांहून कितीतरी जुने. जॉर्जियातील सत्सुर्ब्लिया गुहेत १३ हजार वर्षांपूर्वी राहणाऱ्या शिकाऱ्याकडेही ते होते, आणि त्याला ना वेद ठाऊक होते ना घोडा जुंपणे. भारतात ते एकाहून अधिक वाटांनी येऊ शकते. तेव्हा एखाद्याच्या गोऱ्या गालावर ‘वैदिक’ असा शिक्का उमटवणे हा निव्वळ गाढवपणा ठरतो.

९/
उलट बाजूचा दावाही तितकाच पोकळ. ‘सावळा म्हणजे मूलनिवासी, आफ्रिकेचा थेट वारस.’ अंदमानातील ओंगे आणि आफ्रिकेतील लोक यांची त्वचा सारखी गडद आहे; पण जनुकीय नात्याने ओंगे आफ्रिकींपेक्षा आशियाई लोकांना अधिक जवळचे आहेत. खरोखर अलीकडच्या शतकांत आफ्रिकेतून आलेले सिद्दी मात्र कर्नाटक-गुजरातेत आहेत, आणि जंजिऱ्याची सत्ता त्यांच्याच पूर्वजांनी चालवली. ओंगे आणि सिद्दी यांना रंगावरून एका कुळात बसवणारा इतिहास हा इतिहासच नव्हे.

खुद्द आफ्रिका तरी एकरंगी कोठे आहे? सारा टिश्कॉफ यांच्या गटाने २०१७ साली इथिओपिया, टांझानिया आणि बोट्स्वाना येथील दीड हजारांहून अधिक लोकांची तपासणी केली. त्वचा फिकट आणि गडद करणारी कित्येक जनुकरूपे त्यांना आफ्रिकेतच, शेजारी-शेजारी आढळली, आणि त्यांतील काही आपल्या प्रजातीहूनही जुनी निघाली.

१०/
मग रंगाची ही मिरासदारी आली कोठून? १७३५ साली लिनियसने मानवजातीचे चार भाग पाडले आणि त्यांना रंगांची विशेषणे लावली. १७५८ सालापर्यंत त्या रंगांना स्वभावही चिकटले होते. पुढे ब्लूमेनबाखने एका जॉर्जियन कवटीच्या सौंदर्यावर लुब्ध होऊन ‘कॉकेशियन’ हा शब्द रूढ केला. भारतात हे खूळ शासकीय शिक्क्यानिशी आणले ते हर्बर्ट रिस्ली यांनी. १९०१ च्या जनगणनेचे हे आयुक्त नाकाच्या रुंदीवरून जातीची उतरंड सांगत. बारीक नाक तो आर्य, रुंद नाक तो अनार्य; सामाजिक पायरी आणि नासिका यांचे प्रमाण व्यस्त.

११/
या मांडणीला सर्वांत सणसणीत उत्तरे मराठी माणसांनी दिली, आणि आज तीच मराठी माणसे विसरली आहेत.

मालवणात जन्मलेल्या गो. स. घुर्ये यांनी १९३२ साली जात आणि वंश यांवरील आपल्या ग्रंथात रिस्लींचीच आकडेवारी तपासली आणि उत्तर हिंदुस्थानाबाहेर नाक आणि जातीची पायरी यांचा मेळ बसत नाही हे दाखवले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली शूद्रांविषयीच्या ग्रंथात वेदांतील शब्दच पारखून घेतले. ऋग्वेदात एकदाच येणाऱ्या ‘अनास’ या शब्दावरून चपट्या नाकाचे दस्यू उभे करण्यात आले होते. सायणाचार्यांनी त्याच शब्दाची फोड वेगळी करून त्याचा संबंध मुखाशी, वाणीशी लावला होता, हे त्यांनी निदर्शनास आणले. ऋग्वेदातील श्यामवर्णी ऋषींचे दाखलेही त्यांनी मांडले. १९४८ साली अस्पृश्यांविषयी लिहिताना नासिकेचीच मोजमापे घेऊन त्यांनी शास्त्यांचा डाव शास्त्यांवर उलटवला: मानवमापनशास्त्र खरे मानायचे असेल, तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. आंबेडकरांचे नाव घेऊन कातडीच्या रंगावरून ‘मूलनिवासी’ ठरवणाऱ्यांनी ही दोन पुस्तके एकदा उघडून पाहावीत.

तिसऱ्या इरावती कर्वे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी कवट्यांच्या असममितीचा अभ्यास केला. हे फिशर म्हणजे पुढे नाझी वंशशास्त्राचे आधारस्तंभ. कवटीच्या ठेवणीत वंशभेद दिसेल अशी त्यांची अपेक्षा. परदेशी, तरुण, एकट्या विद्यार्थिनीने कवट्या मोजल्या आणि वंशाशी संबंध नाही असा निष्कर्ष गुरूसमोर ठेवला.

१२/
एक आक्षेप मात्र गंभीर आहे. ‘काही प्रांतांत उच्च मानल्या गेलेल्या जाती सरासरीने अधिक उजळ दिसतात, त्याचे काय?’ दिसतात, आणि त्याची कारणे आहेत. भारतातील बहुतेक सर्व समूह सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकांत मिसळले; आज त्या मिश्रणापासून मुक्त असा समाज मुख्य भूमीवर जवळपास नाही. मिश्रणाचे प्रमाण जागोजागी कमी-अधिक राहिले, आणि नंतर जातिअंतर्गत विवाहांनी ते जेथल्या तेथे गोठवले. सरासरीतील फरक तो हा. त्यावरून एखाद्या व्यक्तीचे पूर्वज सांगता येत नाहीत, कारण एकाच जातीत, एकाच घरात, सख्ख्या भावंडांत निमगोऱ्यापासून काळ्यासावळ्यापर्यंत सगळ्या छटा सापडतात.

शिवाय निवड केवळ सूर्यच करतो असे नाही. पिढ्यानपिढ्या ‘गोरी वधू पाहिजे’ म्हणणारा समाजही निवडच करत असतो, आणि मग त्या निवडीचे फळ तो वंशाचा पुरावा म्हणून पुढे करतो. ज्या समाजाचे राम, कृष्ण, विठ्ठल आणि द्रौपदी सावळे, त्याच समाजात १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली आणि घरोघरी पोहोचली. २०२० साली त्या नावातला ‘फेअर’ गेला. लग्नाच्या परिचयपत्रांतला ‘वर्ण’ हा रकाना अजून आहे, आणि तो रिकामा सोडलेल्या मुलीला आधी फोटो मागितला जातो.